पिएर सुलाज : तांब्याच्या पत्र्याला पडलेलं भोक आणि पुढचा सगळा काळा रंग

मुक्ता_तुलूज (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. गेली चार वर्षं नोकरीनिमित्त फ्रान्समध्ये तुलूजला आहे. इथून गाडीने दोन-अडीच तासांवर रोदेझ नावाचं लहानसं गाव आहे आणि तिथे पिएर सुलाज या चित्रकाराचं संग्रहालय. सुलाज म्हणजे 'काळ्या रंगाचा चित्रकार' एवढंच ऐकून होते. तासाभरात बाहेर पडू असं नवऱ्याला सांगून आत शिरले, आणि दारं बंद व्हायची वेळ झाली तेव्हा कुठे निघालो.

मला अडकवलं ते भल्यामोठ्या काळ्या चित्रांनी नाही. मला अडकवलं त्याच्या एचिंगांनी, म्हणजे तांब्याचा पत्रा ॲसिडने खोदून छापलेल्या चित्रांनी, आणि ज्यांवरून ती छापली त्या पत्र्यांनी. ते पत्रे चौकोनी नाहीत. कडा उंदराने कुरतडल्यासारख्या, आणि कुठे मधोमध आरपार भोक. आपल्याकडे जुना बंब गळायला लागल्यावर बुडाशी दिसतो ना, तसा तो पत्रा दिसतो. आणि छापलेल्या कागदावर बघावं तर त्या भोकाच्या जागी कागद पांढराशुभ्र, किंचित वर आलेला. भोवतीचा सगळा काळा-तपकिरी रंग त्या पांढऱ्याभोवती दाटलेला.

माहिती अशी मिळाली. सुलाज पहिल्यांदा एचिंगला बसला तो १९५२ च्या आसपास, पॅरिसमध्ये मोंमार्त्रच्या रोजे लाकुरिएरच्या कारखान्यात. पिकासोची तांब्यावरची कामं छापणारा तोच हा लाकुरिएर. तिथे ॲसिडने एका ठिकाणी पत्रा पार खाल्ला. दुसऱ्या कुणी तो भंगारात टाकला असता. सुलाजने छापून पाहिला, आणि पुढे मुद्दाम ॲसिडला पत्रा खाऊ द्यायला लागला. पत्र्याचा चौकोनी आकारसुद्धा त्याने ॲसिडवर सोडून दिला.

त्याचं एक वाक्य फार प्रसिद्ध आहे. मी जे करतो तेच मला शिकवतं, की मी काय शोधतोय. मला वाटतं हे वाक्य त्या तांब्यावर सगळ्यात खरं ठरतं. १९७९ नंतरची त्याची पूर्ण काळी चित्रं जगाला माहीत आहेत, पण त्यांची किल्ली या भोकात आहे.

इथे मुद्राचित्रं करणारी मंडळी असतील. त्यांना विचारायचंय की पत्र्याला भोक पडणं हा तुमच्याकडे दोषच ना? ते मुद्दाम, हवं तिथे पाडता येतं का? आणि माझं हे किल्लीचं म्हणणं तुम्हाला पटतं का?

उंबरठा

छान विषय. वाचतेय. फोटो टाक ना मुक्ता.

मुक्ता_तुलूज

उंबरठाताई, एचिंगांचे टाकते. मोठ्या चित्रांचे वीसेक फोटो काढले, पण घरी येऊन पाहिले तर फोनमध्ये नुसता काळा आयत! तिथे उभं असताना एकाच चित्रात रुपेरी पट्टा, करडा पट्टा, मधेच निळसर झाक, असं सगळं दिसत होतं. दोन पावलं डावीकडे सरकलं की उजळ होता तो भाग विझायचा आणि विझलेला उजळायचा. फोटोत त्यातलं काही म्हणजे काही आलं नाही.

पोटतिडीक

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. कॅनव्हास काळा फासायचा आणि त्याला प्रकाश म्हणायचं, हे मला कधीच पचलेलं नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये याचं १९६१ सालचं एक चित्र न्यूयॉर्कच्या लिलावात दोन कोटी डॉलरच्या वर गेलं. त्या आकड्याने दिपून आपण त्यात अर्थ शोधतो. माझे वडील शाळेत चित्रकला शिकवायचे. हुबेहूब हात काढायला मुलांना दोन दोन वर्षं घासायला लावायचे. ते कौशल्य. भोक पडलं आणि तेच छापलं, याला मी नशीब म्हणेन.

घडीमोड

संग्रहालयातल्या पाट्या वाचल्यात का कुणी? चित्राचं नाव काय, तर 'चित्र, २२२ बाय ३१४ सेंमी, २४ फेब्रुवारी २००८'. नाव विचारलं की मापं आणि तारीख सांगतो. हा चित्रकार की शिंपी? :)

रेषाळ

घडीमोड, हसलो! पण त्यामागे त्याचा ठाम विचार होता. 'सांज' किंवा 'विरह' असं नाव दिलं की बघणारा चित्रात सांज शोधत बसतो. त्याला ते नको होतं. समोर वस्तू आहे, एवढी लांब, एवढी रुंद, अमुक दिवशी पुरी झालेली. आता तुम्ही तिच्यासमोर उभे राहा आणि तुमचं तुम्ही बघा. मला तर हा बघणाऱ्याचा मान राखणं वाटतं.

पोटतिडीक, नशिबाबद्दल थोडं सांगतो, कारण या माणसाच्या बाबतीत 'नशीब' फार लवकर सुरू झालं. जन्म २४ डिसेंबर १९१९, रोदेझचाच. वडील घोडागाड्या बांधायचे. तो लहान असतानाच गेले. आई आणि बरीच मोठी बहीण यांनी वाढवलं. आसपास सुतार, लोहार, चामड्याचं काम करणारे. पोरगा त्यांच्यातच रमायचा. त्याच्या खिडकीतून समोरच्या इस्पितळाची भिंत दिसायची आणि तिच्यावर डांबराचा मोठा डाग उडालेला होता. मध्ये सपाट, कडेला शिंतोडे, खाली ओघळ. तो डाग तो रोज बघायचा. एक दिवस दुरून त्याला त्यात कोंबडा दिसला, तुरा, चोच सगळं. जवळ गेला तर कोंबडा नाहीसा आणि परत डांबराचा डाग. आणि तो डागच त्याला कोंबड्यापेक्षा जास्त आवडला. पुढे सबंध आयुष्य त्याने कोंबडा काढायचं नाकारलं, इतकं साधं आहे ते.

लहानपणचाच आणखी एक प्रसंग तो सांगायचा. पांढऱ्या कागदावर काळ्या शाईचे फटकारे मारत बसला होता. कुणीतरी विचारलं, काय काढतोयस? म्हणाला, बर्फ. काळ्याशेजारी कागद आणखी पांढरा दिसतो, हे त्या पोराला तेव्हाच उमगलं होतं. आता मुक्ताने सांगितलेलं पत्र्याचं भोक आठवा. काळ्याच्या मधोमध उसळून आलेला पांढरा कागद. तोच बर्फ की!

उंबरठा

रेषाळ, डागाची गोष्ट किती सुंदर. मी हे काहीच वाचलेलं नव्हतं. अजून लिहा.

रेषाळ

लिहितो. १९३८ साली पॅरिसला गेला, तिथल्या नामांकित कलाशाळेत प्रवेश मिळाला, पण शिकवणं पाहून नाव न घालता घरी परतला. प्रदर्शनांत पिकासो आणि सेझान बघून घेतले तेवढे. मग मोंपेलिए. तिथे कोलेत भेटली. १९४२ मध्ये सेतला दोघांचं लग्न झालं, मध्यरात्री, दोघांचेही कपडे काळे. मग ऐंशी वर्षं संसार! जर्मनांच्या सक्तीच्या मजुरीतून सुटायला मधला काही काळ द्राक्षमळ्यांत राबला.

युद्ध संपल्यावर १९४७-४८ मध्ये कागदावरची कामं केली ती अक्रोडाच्या रंगात. अक्रोडाच्या हिरव्या सालीपासून काढलेला गडद तपकिरी रंग. तिकडचे सुतार लाकडाला लावतात. ब्रश वापरले तेही घरं रंगवणाऱ्यांचे, रुंद. त्याच सुमारास फुटक्या काचेवर डांबर. हे कुठून सुचलं? पॅरिसच्या गार द ल्यों स्टेशनच्या काचेच्या छपराला तडे गेले होते आणि ते डांबराने बुजवले होते, ते खालून वर बघताना. १९४८ मध्ये जर्मनीत फ्रेंच अमूर्त चित्रांचं फिरतं प्रदर्शन निघालं, त्याच्या भित्तिपत्रकावर याचंच अक्रोडी चित्र. वय अठ्ठावीस.

अमेरिकन चित्रकार फ्रान्झ क्लाइनशी लोक त्याची तुलना करतात, पण क्लाइनची ती प्रसिद्ध काळी-पांढरी चित्रं यानंतरची आहेत, १९५० पासूनची. हे आवर्जून सांगावंसं वाटतं.

देशमुखांची_सून

अक्रोडाचा रंग वाचून आठवलं. आमच्याकडे पॉलिशवाले आले की विचारतात, 'ताई, टीक करू का वॉलनट?' त्या वॉलनटने कुणी चित्र काढेल असं स्वप्नात आलं नसतं. कालपासून माझ्या कपाटाकडे वेगळ्या नजरेने बघतेय.

स्क्रीनवाले_काका

मला चित्रकलेतलं फार कळत नाही, पण काळ्यातलं थोडं कळतं. तीस वर्षं स्क्रीन प्रिंटिंग केलं. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, दुकानांच्या पिशव्या. एकदा एका गिऱ्हाइकाने हट्ट धरला, की काळ्या कार्डावर काळ्या शाईने नाव छापा. लग्नाला काळं कसलं म्हणून मी खूप समजावलं. ऐकेना. शेवटी मॅट काळ्या कार्डावर चकचकीत काळ्या शाईचे दोन हात मारले. मशीनवरून कार्ड उचललं तर कोरं! म्हटलं गेले पैसे. ट्यूबलाइटखाली जरा तिरकं धरलं आणि नाव झळकन उठलं. चांदीत छापल्यासारखं. तो पोरगा नाचलाच.

तेव्हा मुक्ताताई, तुमच्या फोटोत का आलं नाही ते मी सांगतो. कॅमेरा एका जागी उभा असतो. तिथे रंग दोन नसतातच, रंग एकच. फरक असतो तो पृष्ठभागाचा. एक गुळगुळीत, एक खरबरीत. उजेड एकावरून सटकतो आणि दुसऱ्यात मुरतो. ते बघायला माणूस हलला पाहिजे, नाहीतर कार्ड तरी.

मुक्ता_तुलूज

काका!! अगदी हेच. तुम्ही एका कार्डात सगळं सांगितलंत. आणि सुलाजनेसुद्धा स्क्रीन प्रिंटिंग केलंय. एचिंग, लिथो (दगडावरून छपाई) आणि स्क्रीन, तिन्ही. एचिंगच्या प्लेटांवरून तर त्याने १९७५ ते ७७ मध्ये कांस्याची तीन शिल्पं ओतून घेतली. म्हणजे पत्रा कागदावर छापला, आणि मग तो पत्राच मोठा करून उभा केला. ती बघताना मला वाटलं, या माणसासाठी प्लेट हे नुसतं साधन कधी नव्हतंच.

पोटतिडीक

काकांचा किस्सा आवडला, मनापासून. पण काका, तुम्हाला गिऱ्हाइकाने सांगितलं आणि तुम्ही केलंत. तुम्हाला कुणी कलावंत म्हटलं नाही. त्याला म्हटलं. फरक कुठे?

ताम्रपट

उशिरा येतोय, पण प्रश्न माझ्या धंद्यातला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मी मुद्राचित्रकार आहे, गेली बावीस वर्षं तांबं आणि जस्त यांच्याशीच संसार.

आधी एचिंग म्हणजे काय ते थोडक्यात. तांब्याचा पत्रा आरशासारखा घासून घ्यायचा. त्यावर डांबर, मेण, राळ यांच्या मिश्रणाचा पातळ थर द्यायचा. याला आम्ही ग्राउंड म्हणतो. मग सुईने त्या थरावर ओरखडायचं. तांब्यावर नाही, फक्त थरावर, म्हणजे हाताला जोर लागत नाही. मग पत्रा ॲसिडमध्ये. जिथे थर निघालाय तिथेच ॲसिड तांबं खातं. किती वेळ ठेवलं त्यावर खोली. मग थर पुसायचा, शाई भरायची, जाळीच्या कापडाने वरवरची पुसायची, शेवटचा हात तळव्याने. ओला कागद ठेवायचा, वर नमदे, आणि प्रेसमधून काढायचं. खाचेतली शाई कागद शोषून घेतो.

आता मुक्ताताईंचा प्रश्न. हो, भोक पडणं हा दोषच. शिकत असताना नायट्रिकच्या ट्रेमध्ये माझी एक प्लेट रात्रभर राहिली. सकाळी चिमट्याने उचलली तर कोपरा ट्रेमध्येच राहिला आणि मधून पलीकडचा नळ दिसत होता. सरांनी सगळ्या वर्गासमोर ती वर धरली आणि केराच्या डब्यात टाकली. मी डब्यातून काढून घ्यायला पाहिजे होती. नाही काढली. त्या वयात धीर झाला नाही. आज हा धागा वाचताना ती प्लेट डोळ्यांसमोर लख्ख आली.

भोकाच्या जागी छापताना काय होतं तेही सांगतो. बाकी सगळीकडे कागद पत्र्यावर दाबला जातो. भोकात तो दाब कागदाला खाली ढकलतो, थेट प्रेसच्या पाटापर्यंत. तिथे शाई नसते. म्हणजे कागद नुसता पांढरा राहत नाही, तो त्या जागी फुगतो, त्याला अंग येतं. साध्या एचिंगमध्ये पांढरा म्हणजे पुसलेला पत्रा, त्यावर शाईची किंचित झाक राहतेच. सुलाजचा पांढरा म्हणजे हात न लागलेला कागद. हा फरक बोटांना कळतो.

पोटतिडीक, तुमच्या वडिलांबद्दल आदर ठेवून एक सांगतो. भोक पडणं नशीब, कबूल. पण भोक पडलेल्या पत्र्याच्या कडा सुरीसारख्या असतात, ओला कागद टर्रकन फाटतो. त्या कडा कानशीने किती घासायच्या, कागद किती जाड घ्यायचा, किती ओला ठेवायचा, दाब किती द्यायचा, हे जमवून एकसारख्या प्रती काढणं, प्रत्येक प्रत पहिल्यासारखीच, यात नशिबाला जागा नाही. लाकुरिएरच्या कारखान्यातल्या छापणाऱ्यांचे हातही त्यात आहेत, तेही विसरू नये.

मुद्दाम पाडता येतं का? मला वाटतं येतं. मी हे कधी करून पाहिलेलं नाही. या रविवारी बघतो.

उंबरठा

ताम्रपट, डब्यातली प्लेट वाचून गलबलून आलं.

नर्मदेकाठी

१९७९ चं काय ते कुणी सांगेल का? सगळे उल्लेख करताय, पण मला गोष्ट माहीत नाही.

रेषाळ

नर्मदेकाठी, जानेवारी १९७९. एका चित्रावर तो तासन्‌तास झगडत होता. काळा लावायचा, खरवडायचा, परत लावायचा. चित्र काही हाताला लागेना, नुसता काळ्याचा चिखल झाल्यासारखं वाटायला लागलं. थकला आणि झोपायला गेला. काही वेळाने उठून परत बघितलं, तेव्हा लक्षात आलं की आता आपण काळ्याने काम करतच नाही आहोत. काळ्या थरावर ब्रशच्या ज्या रेघा पडल्यात, त्या उजेड परतवताहेत. म्हणजे काम आता उजेडाने चाललंय. साठीला आलेला माणूस, नाव झालेलं, जगभर प्रदर्शनं झालेली, आणि त्या रात्रीनंतर त्याने सगळं त्या दिशेने वळवलं. त्याच वर्षी पॅरिसच्या पोंपिदू केंद्रात ही चित्रं लागली. पुढे त्याने त्यासाठी शब्द घडवला : 'उत्रनुआर'. 'उत्र' म्हणजे पलीकडे. फ्रेंचमध्ये ऱ्हाईन नदीपलीकडचा मुलूख, खाडीपलीकडचा मुलूख म्हणताना हे 'उत्र' लागतं. तसा काळ्यापलीकडचा मुलूख.

देशमुखांची_सून

मग मराठीत 'पैलकाळा' म्हणूया का? ऐलतीर-पैलतीरातला पैल.

रेषाळ

व्वा! पैलकाळा. मी आजपासून हाच शब्द वापरणार.

घडीमोड

काळ्यासाठी आपल्याकडे शब्दांची ददात नाहीच. केस काळेभोर, रात्र काळीकुट्ट, म्हैस काळीकुळकुळीत, तवा काळाठिक्कर. भिंत काळवंडते, चेहरा काळाठिक्कर पडतो, आणि विठोबा मात्र सावळा. हे सगळे पृष्ठभागच की. काळाभोर म्हटलं की तेल लावलेली चमक आपोआप येते. काळाठिक्कर म्हटलं की उजेड मेलेला. काकांचं मॅट आणि चकचकीत आपल्या भाषेत आधीपासून आहे.

देशमुखांची_सून

आणि चंद्रकळा! संक्रांतीला आजीची चंद्रकळा नेसले होते, त्यावर हलव्याचे दागिने. फोटोत साडी नुसती काळी दिसते. खिडकीपाशी चालताना मात्र निऱ्यांतून उजेड धावतो. आजी म्हणायची, काळं चालतं झालं की कळतं.

स्क्रीनवाले_काका

आजींना माझा नमस्कार सांगा. :)

कोरा_कागद

विषय आपल्याकडे वळलाच आहे तर एक भर. सय्यद हैदर रझा नागपूर आणि मग जेजेत शिकून १९५० मध्ये पॅरिसला गेले, म्हणजे सुलाज नावारूपाला येत होता त्याच काळात ते त्याच शहरात होते. दोघांमध्ये मला एक विलक्षण सारखेपण दिसतं. रझा सांगत, की मंडला जिल्ह्यातल्या त्यांच्या शाळेत मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि चंचल पोराला म्हणाले, याच्याकडे बघत बस. पुढे तो ठिपका बिंदू होऊन परतला, मोठा, काळा. एकाला भिंतीवरचा ठिपका, दुसऱ्याला भिंतीवरचा डाग.

रेषाळ

कोरा_कागद, गोष्टींचं साम्य सुरेख आहे, पण निष्कर्ष मला उलटा वाटतो. रझांचा बिंदू म्हणजे बीज, आदि, सगळ्या सृष्टीचं मूळ. तो काहीतरी सांगतो. सुलाजचा डाग काहीच सांगत नाही, आणि त्याला तेच हवंय. आपल्याकडे त्याच्या जवळचा कोण असेल तर चित्रकार वासुदेव गायतोंडे. रोलर, सुरी, कागद चिकटवून रंग उचलणं, साधनाकडून शिकत जाणं. आणि 'अमूर्त' हा शब्दही त्यांना मान्य नव्हता.

कोरा_कागद

गायतोंड्यांमध्ये जी ध्यानमग्न शांतता आहे ती सुलाजमध्ये मला दिसत नाही. सुलाज अंगावर येतो. भिंत बांधल्यासारखा. तेव्हा हेही पूर्ण पटत नाही, पण विचार करतो.

मुक्ता_तुलूज

भिंतीवरून सांगते. त्याने चित्रं भिंतीवरून उतरवली होती! १९६६ मध्ये ह्यूस्टनला चित्रं तारांनी छत आणि जमीन यांच्यात टांगली, दालनाच्या मधोमध. लोक चित्रांमधून फिरत. काकांचं 'माणूस हलला पाहिजे' हे त्याने तेव्हाच करून टाकलं होतं.

वाटसरू_सातारा

मी कधी अशा धाग्यावर लिहीत नाही, पण कोंकला जाऊन आलोय म्हणून राहवेना. दोन वर्षांपूर्वी ल-प्वी गावापासून निघणाऱ्या जुन्या यात्रेच्या वाटेवर बारा दिवस चाललो. स्पेनमधल्या सांतियागोपर्यंत ही वाट जाते. वाटेत दरीत कोंक लागतं आणि तिथे जुनं दगडी मंदिर, सेंट फॉयचं. सुलाज शाळेत असताना इथे आला आणि चित्रकार व्हायचं इथेच ठरवलं, असं आम्हाला मुक्कामावर सांगितलं.

मला त्याचं नाव तेव्हा ठाऊक नव्हतं. आत शिरलो. चर्चच्या खिडक्या म्हणजे लाल-निळ्या काचा, संतांची चित्रं, असं डोक्यात होतं. इथे एकही रंग नाही. दुधासारखी धूसर काच आणि तिच्यात तिरक्या वाकत जाणाऱ्या काळ्या रेघा. बाहेरचं काही दिसत नाही, पण उजेड मात्र आत येतो. दुपारी चार वाजता पोचलो होतो. काचेचा एक भाग निळसर होता, खालचा नारिंगी. संध्याकाळच्या प्रार्थनेला परत गेलो तर निळसर भाग करडा झालेला आणि खांबांवर जांभळी छटा. पाय फोडांनी भरले होते, तरी दीड तास उभा होतो.

नंतर वाचलं. त्या खिडक्या सुलाजच्याच. काम हातात घेतलं १९८६ च्या सुमारास, पुरं झालं १९९४ ला. एकशे चार खिडक्या. काचेचे शेकडो नमुने करून पाहिले. काचेत काचेचेच कमी-जास्त बारीक कण, म्हणून उजेड काही भागात जास्त शिरतो, काही भागात कमी. तुलूजचे काचकाम करणारे कारागीर जां-दोमिनिक फ्लरी त्याच्या सोबत होते. आधीच्या रंगीत काचा काढल्या म्हणून गावातून विरोधही झाला होता.

पोटतिडीक

वाटसरू, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. म्हणजे ज्याला मी 'काळं फासणारा' म्हणत होतो, त्याने आठ वर्षं घालवून एक काच शोधली, आणि त्यात काळा फक्त रेघांपुरता. हे मला माहीत नव्हतं. खिडक्यांपुरता माझा शब्द मागे घेतो.

काळ्या कॅनव्हासांबद्दल मात्र अजून ठाम आहे. आणि लिलावांबद्दल तर आहेच.

वाटसरू_सातारा

दादा, कॅनव्हास मीही पाहिलेले नाहीत. लिलावाचं म्हणाल तर त्या मंदिरात तिकीट नव्हतं.

मुक्ता_तुलूज

वाटसरू, त्या खिडक्यांचे खऱ्या मापाचे आराखडे रोदेझच्या संग्रहालयात आहेत. पांढऱ्या फळ्यांवर काळ्या चिकटपट्ट्या लावून रेघा आखलेल्या. जवळून बघितलं तर पट्टी कुठे उचकटून पुन्हा लावलीय तेही दिसतं. संग्रहालय २०१४ ला उघडलं, गंजल्यासारख्या दिसणाऱ्या पोलादाची इमारत, स्पेनच्या आरसीआर या वास्तुकारांची. त्यांना पुढे २०१७ चा प्रिट्झकर, म्हणजे वास्तुकलेतला मोठा पुरस्कार, मिळाला. सुलाजने आणि कोलेतने पाचशेच्या आसपास कामं गावाला देऊन टाकली. त्याची अट एकच, की इथे इतर कलावंतांनाही जागा ठेवा.

नर्मदेकाठी

किती वर्षं जगला?

रेषाळ

एकशे दोन. ऑक्टोबर २०२२ मध्ये गेला. शंभरी भरली तेव्हा लूव्ह्र संग्रहालयाने खास प्रदर्शन केलं, जिवंत चित्रकाराला तिथे असा मान त्याआधी फक्त पिकासो आणि शागालला मिळाला होता. आणि तेव्हाही नवी चित्रं लावली, त्याच वर्षी केलेली. पंचाऐंशीच्या आसपास तेलरंग सोडून ॲक्रिलिक धरलं, कारण त्यात थर जाड देता येतो आणि लवकर वाळतो.

ताम्रपट

रविवार सरला. करून पाहिलं. सांगतो.

दीड मिलिमीटरचा तांब्याचा पत्रा घेतला, तळहाताएवढा. फेरिक क्लोराईड वापरलं, कारण नायट्रिकचा धूर बंद खोलीत नको. मागची बाजू एरवी आम्ही व्हार्निशने झाकतो. या वेळी जिथे भोक हवं होतं तिथे मागूनही उघडी ठेवली, म्हणजे ॲसिड दोन्हीकडून खाईल. फेरिकमध्ये गाळ साचतो, म्हणून पत्रा उताणा न ठेवता पालथा टांगला. दर अर्ध्या तासाने वर काढून धुतला.

पहिले तीन तास काहीच नाही. खाच फक्त खोल होत गेली. चौथ्या तासाला पत्रा खिडकीसमोर धरला तर सुईच्या टोकाएवढा उजेडाचा ठिपका. पुढच्या तासात तो ठिपका मसुराएवढा झाला, आणि मग मला हवा होता त्या आकारात न वाढता डावीकडे पसरला, कारण तिथे ग्राउंडला माझ्या बोटाचा ठसा लागून थर पातळ झाला होता. मी थांबवायला हात पुढे केला आणि मागे घेतला. अजून चाळीस मिनिटं जाऊ दिलं.

तेव्हा मुक्ताताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. भोक कुठे सुरू होईल ते ठरवता येतं. कुठे थांबेल ते ॲसिड आणि तुम्ही मिळून ठरवता. तुम्ही दर अर्ध्या तासाने बघता आणि ॲसिड काय करतंय त्यावरून पुढचं ठरवता.

आणि किल्लीबद्दल. मला पटलं, पण एका दुरुस्तीसह. १९७९ च्या रात्री त्याने जे केलं, ते त्या भोकामुळे सुचलं असं मी म्हणणार नाही. मधे सत्तावीस वर्षं गेली. पण बिघडलेलं काम लगेच पुसायचं नाही, थोडा वेळ बाजूला ठेवून परत येऊन बघायचं, ही सवय तांब्याने लावली असणार. एचिंगमध्ये तसं करावंच लागतं. पत्रा ॲसिडमध्ये असताना तुमच्या हातात काहीच नसतं. चहा प्यायचा आणि परत यायचं.

कडा कानशीने घासल्या, तरी पहिल्या प्रुफाला कागद फाटला. दुसऱ्याला जाड कागद घेतला, रात्रभर भिजवलेला. निघाला. भोकाच्या जागी पांढरा उसळून आलाय, त्यावर बोट फिरवलं की गाठ लागते. फोटो टाकत नाही, काय येणार आहे त्यात. पुण्यात कुणी असेल तर या बघायला.

स्क्रीनवाले_काका

मी सदाशिव पेठेत असतो. कधी येऊ?

पोटतिडीक

मीही पुण्यातच आहे. चालत असेल तर येतो. वडिलांना घेऊन येऊ का? ते ८१ वर्षांचे आहेत, जिना असेल तर आधी सांगा.

ताम्रपट

जिना नाही, तळमजलाच आहे. शनिवारी सकाळी या, उजेड तेव्हा पूर्वेच्या खिडकीतून तिरका येतो. तोपर्यंत तिसरं प्रूफ काढून ठेवतो, ते सरांसाठी.